लग्न आमचं, ओरिजिनल कुणाचे?

फोटोग्राफर ठरवताना पॅकेज विचारतो, ड्रोन विचारतो, रीलही विचारतो. पण मूळ फायली कुणाकडे राहणार आणि प्रिंट कोण काढणार, हे इसार देण्याआधी किती जण विचारतात?

लग्न ठरलं की घरात दोन याद्या तयार होतात. एक आईची, एक आपली. आईच्या यादीत मानपान, आहेर आणि पंगत. आपल्या यादीत लेहंगा, डीजे, मेकअप आर्टिस्ट आणि फोटोग्राफर. आता जरा गंमत बघा. यातलं बहुतेक सगळं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी संपतं. हॉल रिकामा होतो, जिलबी संपते, मेंदीसुद्धा दोन आठवड्यांत उतरते. राहतात ते फोटो. आणि जी गोष्ट राहणार असते, तिच्याबद्दलच आपण सगळ्यात कमी प्रश्न विचारतो!

माझं लग्न गेल्या फेब्रुवारीत बार्शीटाकळीला झालं. पुण्यातल्या ऑफिसात हे नाव घेतलं की समोरचा हमखास विचारतो, "सोलापूरकडची बार्शी का?" नाही हो. आमचं गाव अकोला जिल्ह्यात, अकोल्याहून वीसेक किलोमीटरवर. वाशीमकडे जाणाऱ्या रेल्वेलाईनवरचं, कालिका देवीच्या जुन्या हेमाडपंती देवळाचं.

तर फोटोसाठी आमच्याकडे दोन कोटेशन्स होती. पहिलं पुण्यातल्या एका टीमचं. सहा पानांची इंग्रजी पीडीएफ, एकदम चकाचक. त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं : कॉपीराइट आमचा, रॉ फायली कोणत्याही परिस्थितीत मिळणार नाहीत, फोटो आम्ही जाहिरातीसाठी वापरू. दुसरं कोटेशन गावातल्या स्टुडिओवाल्या काकांचं. व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर बॉलपेननं लिहिलेलं : साक्षगंध, हळद, लग्न. दोन माणसं, दोन करिझ्मा अल्बम, एक पेनड्राइव्ह. साठ हजार.

एका कागदावर सगळंच 'आमचं', दुसऱ्यावर मालकीबद्दल अवाक्षर नाही. मग आमच्या लग्नाचे मूळ फोटो नक्की कुणाचे?

कायदा आपल्या बाजूनं

ऑफिसातला लंच ब्रेक यात घालवला आणि सुखद धक्का बसला. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये याचं थेट उत्तर आहे. तुमच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन कुणी फोटो काढला, तर त्याचा पहिला कॉपीराइट तुमचा. व्हिडिओ फिल्मलाही हाच नियम. फोटो काढणारा कायद्याच्या भाषेत 'कर्ता' असतो. त्याचं नाव देणं, त्याच्या कामाची मोडतोड करून बदनामी न करणं, हे त्याचे हक्क कलम ५७ प्रमाणे राहतात. पण मालक? ज्यानं काम सांगितलं आणि पैसे दिले तो.

म्हणजे गंमत अशी, की काकांना काम बाबांनी सांगितलं आणि पैसेही बाबांनीच दिले, तर माझ्या लग्नाच्या फोटोंचे कायदेशीर मालक बाबा! नवरोबाला हे सांगितल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

पण थांबा, यात दोन 'पण' आहेत. पहिला असा, की कायदा म्हणतो, 'उलट करार नसेल तर'. त्या सहा पानी पीडीएफवर सही केलीत की उलट करार झालाच. अमेरिकेत असे फोटो साधारणपणे फोटोग्राफरच्याच मालकीचे असतात. ब्रिटनमध्येही १ ऑगस्ट १९८९ पासून तसंच आहे. आपल्याकडच्या बऱ्याच चकाचक कागदांची भाषा तिकडची आहे. नियम मात्र इकडचा वेगळा.

दुसरा 'पण' जास्त महत्त्वाचा. कॉपीराइट आणि फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉपीराइट तुमचा, म्हणून फोटोग्राफरनं कार्डातली प्रत्येक फाइल तुमच्या हातात द्यावी असं हे कलम म्हणत नाही. काय द्यायचं, कधी आणि कोणत्या साइझमध्ये, हे आपण ठरवायचं असतं. आणि ते इसार देण्याआधीच ठरतं, वरातीनंतर नाही.

पाकिटातली निगेटिव्ह

इथवर ऐकून बाबा गप्प होते. मग म्हणाले, "त्याच्याकडून लिहून घेशील तू? त्यानं आपल्याले कधी अडवलं नाही."

त्यांचं म्हणणं समजायला थोडं मागे जावं लागेल. आई-बाबांचं लग्न मे १९९१ चं. वऱ्हाडातलं मे महिन्याचं ऊन, पत्र्याचा मांडव आणि याच काकांचा दोन डोळ्यांचा याशिका कॅमेरा. एका रोलवर बारा फोटो. पाच रोल, म्हणजे लग्नाचे साठ फोटो. बस्स. रोल धुवायला अकोल्याला जायचे. प्रिंट आपल्याला मिळायच्या, निगेटिव्ह स्टुडिओत राहायची. कुणी तक्रारही करायचं नाही.

२००३ मध्ये आजोबा गेले. घरात त्यांचा एकटा, नीट असा फोटोच नव्हता. अल्बममधल्या प्रिंटवर प्लॅस्टिक चिकटून त्यांचा अर्धा फेटा निघून आलेला. बाबा स्टुडिओत गेले. काकांनी पत्र्याच्या पेटीतून एक खाकी पाकीट काढलं, वर बाबांचं नाव आणि तारीख. त्या निगेटिव्हवरून आजोबांचा चेहरा मोठा करून मिळाला. तोच फोटो आज आमच्या बैठकीत आहे.

असे स्टुडिओ महाराष्ट्रात गावोगाव होते. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधला १९२८ पासूनचा हॅमिल्टन स्टुडिओ तर जुन्या निगेटिव्ह जपण्यासाठीच ओळखला जातो. तेव्हा मूळ फोटो फोटोग्राफरकडे राहायचा आणि त्यातच तो सुरक्षित असायचा. निगेटिव्ह पेटीत पडून राहायची, जागा खायची, पण कुणी ती पुसून तिच्यावर दुसऱ्याचं लग्न काढत नव्हतं.

हार्ड डिस्कचं तसं नसतं.

माझ्या चुलतभावाचं लग्न २०१७ चं. फोटो दुसऱ्या गावच्या एका फोटोग्राफरनं काढले. अल्बम झाला, पेनड्राइव्ह मिळाला, सगळे खूष. २०२१ मध्ये काकू गेल्या. त्यांचा हळदीतला हसरा फोटो मोठा करायचा ठरलं, तर पेनड्राइव्ह उघडेना. फोटोग्राफरला फोन केला. तो म्हणाला, डिस्क भरली की जुनं काढून टाकावं लागतं. त्याला तरी काय म्हणणार? चार वर्षं सांभाळायचे पैसे त्याला कुणी दिले नव्हते, सांभाळ असं सांगितलंही नव्हतं. उरला व्हॉट्सअॅपवर आलेला तोच फोटो. त्यात काकूंचा चेहरा जेमतेम नखाएवढा. फ्रेमसाठी मोठा केला, तर डोळ्यांच्या जागी नुसते ठिपके.

याचं गणित सोपं आहे. चांगल्या प्रिंटला एका इंचात ३०० पिक्सेल हवेत. व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो लांबीला साधारण १६०० पिक्सेलवर येतो, म्हणजे जेमतेम सव्वापाच इंच. भिंतीवरच्या बारा बाय अठराला ५४०० पिक्सेल लागतात. सहा हजार बाय चार हजार पिक्सेलच्या मूळ फाइलमध्ये ते आरामात असतात. फरक इतकाच, पण तो नेमका माणूस गेल्यावर कळतो.

बाबांना मी हेच म्हटलं. प्रश्न काकांवरच्या विश्वासाचा नाही. पूर्वी ओरिजिनलला घर होतं, आता ते कुणाकडेच नाही. म्हणून ते आपण आपल्या घरी आणायचं.

कणीक आणि पोळी

मग आम्ही काकांकडे गेलो. स्टुडिओच्या काचेच्या शोकेसमध्ये एकेकाळी माझ्या आत्याचा नवरीच्या वेशातला फोटो लावलेला असायचा. कितीतरी वर्षं. तिला कुणी विचारलं नव्हतं. माहेरी आली की ती तो रस्ताच टाळायची. आज शोकेसची जागा इन्स्टाग्रामनं घेतलीय, एवढाच फरक.

"काका, मला सगळे ओरिजिनल हवेत," मी म्हटलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. "फोटो तुहेच हायेत व माय, मी काय त्याचं लोणचं घालू? पण रॉ घेऊन तू करशील काय? कच्ची कणीक कोनी पंगतीत वाढते काय?"

बरोबरच होतं त्यांचं. रॉ म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेला कच्चा माल, कणकीचा उंडाच. रंग फिकट, उघडायलाही खास सॉफ्टवेअर लागतं. जेपीईजी म्हणजे भाजलेली पोळी. घरी प्रिंट काढायची तर पूर्ण साइझची जेपीईजी बहुतेकांना पुरते. रॉ उपयोगी पडते ती एखादा महत्त्वाचा फोटो काळा पडला किंवा फारच पांढरा झाला, आणि तो पुढे कधी तरी नीट करायचा असेल तेव्हा.

मग काका मुद्द्यावर आले. तीन दिवस दोन पोरं घेऊन उभं राहायचं, त्यात मजुरी निघते. कमाई अल्बममध्ये असते. सगळ्या फायली देऊन टाकल्या आणि गिऱ्हाईक अल्बमसाठी परत आलंच नाही, तर? शिवाय कुणी तरी भलताच फिल्टर लावून जांभळ्या नवरीची प्रिंट काढायची आणि नाव काकांचं खराब व्हायचं.

हे ऐकल्यावर मला त्या सहा पानी पीडीएफचाही राग आला नाही. 'रॉ देणार नाही' यामागे नेहमी आढ्यता नसते, पोट असतं. आपण शूटिंगला स्वस्त पॅकेज मागतो, मग फोटोग्राफर तोटा अल्बममधून भरून काढतो, आणि मग आपण म्हणतो, अल्बम महाग! यावर उपाय एकच. दोन्हींचे पैसे वेगळे करा.

आम्ही तेच केलं. शूटिंग आणि सगळ्या पूर्ण साइझच्या जेपीईजी मिळून अठ्ठेचाळीस हजार. दोन अल्बमऐवजी एकच, दहा हजार. दीडशे निवडक फोटोंच्या रॉ, जास्त पैसे न घेता. एकूण अठ्ठावन्न. आमचे दोन हजार वाचले, आणि काकांना शूटिंगचे पूर्ण दाम मिळाले.

लिहून घ्यायचा विषय निघाला तेव्हा बाबा खाली बघत होते. काकांनीच बिलबुक ओढलं आणि मराठीत चार ओळी लिहिल्या. फायली किती दिवसांत, किती साइझच्या, कॉपीराइट गिऱ्हाईकाचा, आणि काकांनी वर्षभर कॉपी ठेवायची. मग म्हणाले, "एक फोटो मले दे इन्स्टाग्रामवर टाकाले." देवळाच्या पायरीवरचा आम्हा दोघांचा एक फोटो मी दिला. हळदीचा नाही. आत्याला फोन करून हे सांगितलं, तेव्हा ती नुसती हसली.

मालकी म्हणजे काम!

लग्नानंतर पंधरा दिवसांनी ४,२०० फोटो हातात आले. आई-बाबांचे साठ, आमचे बेचाळीसशे! मग कळलं की ओरिजिनल घेणं म्हणजे नुसता हक्क नाही, चक्क नोकरी आहे.

आधी जागेचं बघू. एक जेपीईजी दहा एमबी धरली तर बेचाळीस जीबी. गूगल फोटोजमध्ये १ जून २०२१ पासून फुकटात पंधरा जीबीच मिळतात, आणि त्यातच मेलही आला. म्हणजे क्लाउड हवा तर पैसे मोजा. आणि क्लाउड म्हणजे अमरपट्टा नव्हे. ज्यांनी आपल्या लग्नाचे फोटो हौसेनं ऑर्कुटवर चढवले होते, त्यांना विचारा. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. फोटोवाल्यांमध्ये एक साधा नियम आहे : तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीत, एक दुसऱ्या गावी. आमची एक हार्ड डिस्क पुण्यात, एक बार्शीटाकळीला बाबांच्या कपाटात, आणि तिसरी कॉपी क्लाउडवर. वर्षातून एकदा, लग्नाच्या वाढदिवशी, दोन्ही डिस्क उघडून बघायच्या असं ठरलंय. केकच्या आधी!

मग निवड. तीन वीकेंड गेले. आहेराचं पाकीट देताना कॅमेऱ्याकडे बघणारे एकूण किती पाहुणे असू शकतात, याची तुम्हाला कल्पना नाही. त्यातून निघाले तीनशे.

आणि शेवटी प्रिंट. काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "आधी पाच काढून पाय, मंग ढीग काढ." लाख मोलाचा सल्ला. लॅपटॉपच्या झगझगीत स्क्रीनवर छान दिसणारा फोटो कागदावर काळपट येतो. पाच प्रिंट बघून उजेड थोडा वाढवला, मग बाकीच्या टाकल्या. दुसरी गोष्ट साइझची. बहुतेक कॅमेऱ्यांची चौकट तीनास दोन असते. ती चार बाय सहा आणि बारा बाय अठराला बरोबर बसते. पाच बाय सात किंवा आठ बाय दहा मागितलंत की कडा कापल्या जातात, आणि ग्रुप फोटोत कडेला नेमकी ती मावशी उभी असते जिचा रुसवा परवडत नाही!

लॅबमध्ये एक प्रश्न जरूर विचारा. प्रिंट खऱ्या फोटो पेपरवर आहे की डिजिटल प्रेसवर? फोटो पेपर प्रकाशानं उमटतो आणि रसायनात धुतला जातो, प्रेसमध्ये छापतात. दोन्ही चालतात, पण पैसे कशाचे देतोय ते माहीत असावं. प्रिंट लावताना उन्हाची भिंत टाळा. फोटोचे रंग उजेडानं आणि उष्णतेनं उडतात, आणि अकोल्याचा मे महिना कसा असतो ते मी वेगळं सांगायला नको. चिकट पानांचे जुने अल्बम तर नकोच. त्यांच्या गोंदाचे पिवळे पट्टे फोटोवर उमटतात.

मग स्वतः प्रिंट काढायच्या का?

खरं सांगू? ओरिजिनल घ्यायचेच, पण प्रिंट प्रत्येकानं स्वतः काढाव्यात असं माझं म्हणणं नाही. तीन वीकेंड बसून निवड करायची तयारी नसेल, तर अल्बम फोटोग्राफरकडूनच करून घ्या. तो त्याचा रोजचा धंदा आहे, तुमच्यापेक्षा बरा करेल. पण फायली हातात असल्या की घाई राहत नाही. आज अल्बम, दोन वर्षांनी फ्रेम, वीस वर्षांनी आणखी काही. निर्णय तुमच्या हातात राहतो. फायलीच नसल्या तर निर्णय दुसऱ्याच्या हार्ड डिस्कवर अवलंबून, आणि ती कधी भरेल ते तो सांगत नाही.

आम्ही चार बाय सहाच्या दोनशे चाळीस प्रिंट काढल्या. महागडा अल्बम आईच्या कपाटात साडीसारखा घडी करून ठेवलाय, पाहुणे आले की निघतो. पण त्या सुट्या प्रिंट गावभर फिरल्या. मामाकडे, आत्याकडे, शेजारी, मूर्तिजापूरला सासरी. आजीनं त्यातल्या नऊ स्वतःसाठी निवडल्या आणि उशाशी ठेवल्या. एक उचलून तिनं खिडकीच्या उजेडात धरली, मागे-पुढे केली आणि म्हणाली, "याले चार्जिंग नाही लागत पाय."

तिच्या त्या नऊमध्ये एकही फोटो असा नाही, जो काकांनी अल्बमसाठी निवडला होता. एकात ती आणि तिची बहीण पंगतीत बसून कुणाला तरी हसतायत. कॅमेऱ्याकडे दोघींचंही लक्ष नाही. ४,२०० मधला तो फोटो होता, आणि आमच्याकडे होता, म्हणून तिला मिळाला.

इसार देण्याआधी हे विचारा

• शूटिंगचे पैसे किती आणि अल्बमचे किती? वेगळे लिहून घ्या.

• सगळ्या फायली पूर्ण साइझच्या मिळणार का, आणि किती दिवसांत?

• रॉ मिळतील का? सगळ्या नाही, तर निवडक? जास्तीचे पैसे पडतील का?

• फोटोग्राफर स्वतःकडे कॉपी किती दिवस ठेवणार?

• कागदावर 'कॉपीराइट स्टुडिओचा' असं वाक्य आहे का? मान्य नसेल तर सहीआधी खोडायला सांगा.

• जाहिरातीत किंवा इन्स्टाग्रामवर फोटो टाकण्याआधी विचारणार का? कोणते चालतील आणि कोणते नाही, हे नाव घेऊन सांगा.

• शेवटचा हप्ता फायली उघडून बघितल्यावर द्या.

• पैसे घेऊन ठरलेलं दिलंच नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथेही तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. पण आधी फोन करून बघा. चहावर बरंच काही मिटतं.